नवा कर्नल, बिथरलेला कर्सर: दोष कोणत्या थरात आहे ते आधी पाहा

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने विचारले आहे, ते थोडक्यात असे. लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. त्यातला मूळचा ६.१ कर्नल, म्हणजे उपकरणे चालवणारा प्रणालीचा गाभा, नीट चालतो. तिने ६.१२ चा कर्नल सोर्सपासून स्वतः बांधला, म्हणजे कंपाइल केला, आणि त्यावर टचपॅडचा कर्सर मध्येच कोपऱ्यात उडी मारतो, आपोआप क्लिक होतात, दोन बोटांनी स्क्रोल होत नाही. वायरलेस माऊस थोडा वेळ हलवला नाही की पुढची पहिली हालचाल वाया जाते, आणि त्याच्या बॅटरीचे चिन्हही दिसेनासे झाले आहे. व्हिडिओ सुरू असला तर दोन्हींचा कर्सर अडखळतो. कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचे त्याची यादी, ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ने बनवली, त्यानंतर मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्यायांच्या मेनूत, जाऊन नको वाटले ते काढले. त्याच दिवशी बॅटरी टिकावी म्हणून पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या साधनाची ऑटो-ट्यूनही लावली. प्रश्न असा की माऊसची कोणती सेटिंग बदलावी?

अजून कोणतीच बदलू नका. तुमच्या वर्णनात मला एक नाही, तीन स्वतंत्र दोष दिसतात, आणि ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. एका सेटिंगने तिन्ही जाणार नाहीत. उलट अंदाजाने एकेक पर्याय बदलत गेलात तर एका दोषाचे लक्षण दुसऱ्यात मिसळेल आणि मूळ कारण सापडणे आणखी कठीण होईल. अशा तक्रारी माझ्याकडे नेहमी येतात, आणि प्रत्येक वेळी माझा आग्रह एकच असतो: हालचालीची नोंद कर्नलमधून बाहेर पडते तेव्हा ती बरोबर आहे की चुकीची, हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पुढचे सगळे त्यावरून ठरते. (खालचे आदेश आणि पर्यायांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमनमध्येच टाकायची.)

बोट सरकते तिथपासून पडद्यावर बाण सरकतो तिथपर्यंतचा रस्ता लक्षात घ्या. टचपॅड किंवा माऊस आकडे पाठवतो. जुन्या पद्धतीच्या टचपॅडचे आकडे आय८०४२ या कंट्रोलरकडून येतात, यूएसबी माऊसचे यूएसबीवरून, आणि बऱ्याच नव्या टचपॅडचे आय२सी बसवरून, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या छोट्या मार्गावरून. त्या त्या ठिकाणचा ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाची भाषा जाणणारा कोड, त्यांचा अर्थ लावतो आणि कर्नलच्या इनपुट विभागाकडे देतो. तिथून ‘ईव्हडेव्ह’च्या मार्गाने, म्हणजे ‘/डेव्ह/इनपुट/इव्हेंट’ या फायलींमधून, त्या नोंदी कर्नलच्या बाहेर पडतात. बाहेर लिबइनपुट ही लायब्ररी त्या वाचते, वेग आणि हातवारे ठरवते. मग पडदा सांभाळणारा वेलँडचा कंपोझिटर किंवा एक्सऑर्ग बाण रंगवतो, आणि शेवटचे काम ग्राफिक्स ड्रायव्हरचे. ईव्हडेव्ह हा या रस्त्यावरचा नाका आहे. तिथे उभे राहिलात की दोष अलीकडे आहे की पलीकडे, हे लगेच कळते.

त्यासाठी ‘ईव्हटेस्ट’ नावाचे छोटे पॅकेज घ्या आणि ते सुडोने, म्हणजे रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकाराने, चालवा. उपकरणांची यादी येईल, त्यातून टचपॅड निवडा. मग बोट एका सरळ रेषेत, सावकाश, डावीकडून उजवीकडे न्या. प्रत्येक ओळीत वेळ, नोंदीचा प्रकार आणि आकडा दिसेल. साध्या माऊससारखे चालणारे उपकरण ‘रेल-एक्स’ आणि ‘रेल-वाय’ या नोंदी देते, म्हणजे ‘आधीपेक्षा एवढे सरकले’. टचपॅड म्हणून ओळखले गेलेले उपकरण ‘एबीएस’ने सुरू होणाऱ्या नोंदी देते, म्हणजे ‘बोट अमुक जागी आहे’. बोट उजवीकडे सरळ जात असताना मध्येच मोठा उलटा आकडा दिसला, किंवा तुम्ही दाबलेले नसताना ‘बीटीएन-लेफ्ट’ १ झाले, तर दोष नाक्याच्या अलीकडे आहे: ड्रायव्हर, बस किंवा खुद्द उपकरण. नोंदी स्वच्छ आहेत आणि बाण तरी वेडावाकडा जातोय, तर ड्रायव्हरला हात लावू नका. दोष पलीकडे आहे.

वेळेच्या आकड्यांकडेही नीट पाहा. बहुतेक साधे यूएसबी माऊस दर ८ मिलिसेकंदांनी एक नोंद देतात, म्हणजे सेकंदाला १२५. पीएस/२ उपकरणाला, म्हणजे आय८०४२ वरच्या जुन्या पद्धतीच्या उपकरणाला, लिनक्स साधारणपणे सेकंदाला १०० चा दर सांगतो. हा वेळेचा शिक्का नोंद तयार होताना कर्नलच मारतो. त्यामुळे डेस्कटॉप कितीही रखडला तरी शिक्के बरोबरच राहतात. हात सलग हलतो आहे आणि शिक्क्यांमध्ये मध्येच २००-३०० मिलिसेकंदांची पोकळी आहे, तर नोंदी खालीच हरवल्या आहेत. शिक्के सारख्या अंतराने आहेत आणि बाण अडखळतो, तर वरचा कोणीतरी त्या वेळेवर वाचत नाही. ‘सिन-ड्रॉप्ड’ ही नोंद दिसली तर वाचणारा इतका मागे पडला की कर्नलची राखीव जागा भरून वाहिली. लिबइनपुट स्वतःही अशा वेळी ‘इव्हेंट प्रोसेसिंग लॅगिंग बिहाइंड’ असा इशारा लॉगमध्ये लिहिते. हे सगळे जुन्या आणि नव्या, दोन्ही कर्नलवर करा आणि दोन्ही वेळचे उत्तर फायलीत साठवा.

इथे नागपूरच्या माणसाने एक काळजी घ्यायला हवी. दोन्ही कर्नलची चाचणी सारख्याच परिस्थितीत व्हायला हवी. सकाळी बॅटरीवर जुना कर्नल पाहिला आणि दुपारी चार्जर लावून, त्याच बोर्डावर कूलर सुरू असताना नवा पाहिला, तर ती तुलना होत नाही. टचपॅड बोटाची विद्युत धारकता मोजतो. घराचे अर्थिंग कच्चे असेल, चार्जर दोन पिनांचा असेल, तर चार्जरमधून येणारा गोंगाट त्या मोजणीत शिरतो आणि कर्सर थरथरतो, उड्या मारतो. लॅपटॉपच्या धातूच्या भागावरून हात फिरवताना मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर हीच शंका धरा. चार्जर काढून पाच मिनिटे बॅटरीवर चालवा. उड्या थांबल्या तर कर्नलचा प्रश्नच नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. एप्रिल-मे महिन्यांत अशी कितीतरी यंत्रे केवळ ‘सॉफ्टवेअर बिघडले’ म्हणून पुन्हा फॉरमॅट केली जातात, याचे मला फार वाईट वाटते. तुमच्या बाबतीत दोन बोटांचे स्क्रोलही गेले आहे, तेवढे अर्थिंगने जात नाही, म्हणून मी ही शक्यता मागे ठेवतो. तरी पाच मिनिटे द्याच.

त्यानंतरचा प्रश्न: दोष ६.१२ या आवृत्तीचा की तुमच्या कॉन्फिगचा? तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, आवृत्ती आणि कॉन्फिग. त्या वेगळ्या केल्याशिवाय काहीच ठरणार नाही. सुदैवाने यासाठी काहीही कंपाइल करावे लागत नाही. डेबियन १२ च्या बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे त्याच डेबियनसाठी नवी पॅकेजे ठेवलेल्या भांडारात, ६.१२ चा तयार कर्नल आहे. तो बसवा, ग्रबमधून, म्हणजे सुरुवातीच्या बूट मेनूतून, तो निवडा आणि वरचीच चाचणी करा. तयार ६.१२ वर सगळे सुरळीत असेल तर आवृत्ती निर्दोष, चूक तुमच्या कॉन्फिगमध्ये. तुमचे वर्णन वाचून माझा कौल याच बाजूने आहे, कारण लोकलमॉडकॉन्फिगचा स्वभाव मला माहीत आहे.

हा आदेश त्या क्षणी ‘एलएसमॉड’ला कोणती मोड्यूल्स, म्हणजे लागतील तेव्हा कर्नलमध्ये चढणारे ड्रायव्हरसारखे तुकडे, दिसतात ते पाहतो आणि बाकीची मोड्यूल्स कॉन्फिगमधून काढून टाकतो. बिल्ड लवकर होते, म्हणून नवे लोक त्याच्यावर खूश असतात. पण तो फक्त ‘आत्ता’ पाहतो. आदेश देताना माऊसचा रिसीव्हर बॅगेत असेल तर त्याचा ड्रायव्हर गेला. ब्लूटूथ बंद असेल तर तेही गेले. पेनड्राइव्ह, वेबकॅम, प्रोजेक्टर, व्हीपीएन, सगळ्याचे असेच. माझी पद्धत अशी की आठवडाभर यंत्र नेहमीसारखे वापरायचे, रोज एलएसमॉडचे उत्तर एका फायलीत जोडत जायचे, आणि मग ‘एलएसमॉड=’ पुढे त्या फायलीचे नाव देऊन लोकलमॉडकॉन्फिग चालवायचे. आर्च वापरणाऱ्यांकडे हेच काम करणारे ‘मॉडप्रोब्ड-डीबी’ आहे. घाई असेल तर निदान घरातले प्रत्येक उपकरण एकदा लावून, वापरून मगच आदेश द्या.

आता टचपॅड. तुमच्या तक्रारीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

‘/प्रॉक/बस/इनपुट/डिव्हाइसेस’ ही फाइल दोन्ही कर्नलवर वाचा. जुन्यावर ‘सिनॅप्टिक्स टचपॅड’ किंवा ‘एलानटेक’ असे काही नाव असेल. नव्यावर त्याच जागी ‘जेनेरिक माऊस’ किंवा ‘व्हील माऊस’ असे दिसले तर निदान झाले. टचपॅडला टचपॅड म्हणून चालवणारा कोडच तुमच्या कर्नलमध्ये नाही, त्यामुळे ‘पीएसमाऊस’ ड्रायव्हर त्याला १९९० च्या दशकातला साधा माऊस समजतो आहे. साध्या माऊसला दोन बोटे ठाऊक नसतात, म्हणून स्क्रोल गेले. त्याला तळहात आणि बोट यांतला फरकही कळत नाही, म्हणून टाइप करताना तळहात टेकला की कर्सर पळतो आणि टॅप झाले की क्लिक पडते.

पण कोपऱ्यात झेप आणि आपोआप क्लिक यांचे आणखी एक कारण असू शकते, आणि ते पीएस/२ च्या पॅकेटच्या रचनेत आहे. साधा पीएस/२ माऊस प्रत्येक हालचालीसाठी ३ बाइट पाठवतो. पहिल्या बाइटमध्ये तीन बटणांची स्थिती, आडव्या-उभ्या दिशेची चिन्हे आणि आकडा मावला नाही तर त्याची खूण असते. दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. चाक असलेला माऊस चौथा बाइट पाठवतो. आता या बाइटांमध्ये ‘इथून नवे पॅकेट सुरू’ अशी वेगळी खूण जवळपास नाहीच. पहिल्या बाइटमधला एक बिट नेहमी १ असतो, एवढाच आधार. एक बाइट वाटेत हरवला, किंवा उपकरण ४ पाठवते आणि ड्रायव्हर ३ मोजतो आहे असे झाले, की शर्टाचे पहिले बटण चुकीच्या काजात गेल्यावर जे होते तेच होते: खालचे सगळे एकेक जागा सरकते. हालचालीचा आकडा बटणांचा बाइट म्हणून वाचला जातो, आणि कोणी न दाबता क्लिक पडतात. दिशेची चिन्हे चुकीची लागतात, आणि बाण सरळ कोपऱ्यात जातो.

कर्नल हे ओळखू शकतो. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, पीएसमाऊसच्या नावाने ‘लॉस्ट सिंक’ किंवा ‘लॉस्ट सिंक्रोनायझेशन’ अशी ओळ सापडली तर हाच प्रकार आहे. काही खराब पॅकेटांनंतर ड्रायव्हर उपकरण नव्याने जोडतो, तेव्हा कर्सर क्षणभर गोठतो. ही ओळ एखाद-दुसऱ्या वेळी आली तर दुर्लक्ष करा. पुन्हा पुन्हा येत असेल तर कारण शोधा.

माऊसला चाक आहे की नाही हे कर्नल कसे ओळखतो, तेही इथेच सांगून टाकतो, कारण त्यावर एक उपयोगी चाचणी उभी आहे. ड्रायव्हर माऊसला नोंदींचा दर पाठोपाठ २००, १००, ८० असा बदलायला सांगतो आणि मग त्याचा ओळख क्रमांक विचारतो. चाकाच्या माऊसला हा संकेत कळतो आणि तो ३ असे उत्तर देतो. २००, २००, ८० हा संकेत पाच बटणांच्या माऊससाठी, त्याचे उत्तर ४. मध्ये जुना केव्हीएम स्विच (एकाच माऊस-कीबोर्डवर अनेक यंत्रे चालवणारा) असेल आणि त्याने हा संवाद अर्धवट ऐकला, तर स्विच आणि कर्नल यांची पॅकेटच्या लांबीविषयी वेगवेगळी समजूत होते. ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर ‘स्विच फिरवला की माऊस पिसाळतो’ ही तक्रार बहुतेक यातूनच येते.

चाचणी अशी. ‘/सिस/बस/सेरिओ/डिव्हाइसेस’ खाली तुमच्या टचपॅडची फोल्डर आहे, बहुधा ‘सेरिओ१’. तिच्यात ‘प्रोटोकॉल’ नावाची फाइल आहे. ती वाचली की सध्याचा प्रोटोकॉल कळतो. रूट म्हणून त्यात ‘बेअर’ (३ बाइटांचा साधा) किंवा ‘आयएमपीएस’ (चाकाच्या माऊसचा) लिहिले की रीबूट न करता प्रोटोकॉल बदलतो. ‘बेअर’ केल्यावर उड्या पूर्ण थांबल्या, तर पॅकेटच्या लांबीचा घोटाळा होता हे सिद्ध झाले. पण याला उपाय समजू नका. ‘पीएसमाऊस.प्रोटो=बेअर’ कर्नलच्या बूट ओळीत टाकून गप्प बसा, असा सल्ला बरेच जण देतात, आणि मला तो पटत नाही. त्याने उड्या थांबतील, पण चांगला टचपॅड कायमचा साधा माऊस होऊन बसेल. टचपॅडची क्षमता परत मिळवणे हेच ध्येय ठेवा.

त्यासाठी कॉन्फिगमध्ये पाहा. ‘माऊस_पीएस२’ खाली सिनॅप्टिक्स, आल्प्स, एलानटेक, ट्रॅकपॉइंट असे उपपर्याय आहेत. यातले बरेचसे एरवी आपोआप सुरूच असतात आणि मेनूत दिसतही नाहीत. ‘एक्सपर्ट’ हा पर्याय सुरू केला की ते दिसू लागतात आणि बंद करता येतात. तुम्ही ‘नको वाटले ते काढले’ म्हणता, तेव्हा बहुतेक इथेच हात लागला असावा. एलानटेकचे मात्र आठवणीने तपासा, तो पर्याय आपला आपण सुरू करावा लागतो.

दुसरी जागा आय२सी. ‘माझ्याकडे आय२सीचे काही उपकरण नाही’ असे समजून हा विभाग काढून टाकणारे बरेच भेटतात. वास्तविक अनेक सिनॅप्टिक्स टचपॅड पीएस/२ वर फक्त ओळख देतात आणि खरे काम एसएमबस या आय२सीच्याच जातीच्या बसवरून करतात. त्यासाठी ‘आय२सी_आय८०१’, ‘आरएमआय४_एसएमबी’ आणि पीएसमाऊसमधला सिनॅप्टिक्स-एसएमबस पर्याय, हे तिन्ही लागतात. एक नसला तर टचपॅड परत पीएस/२ वर येतो. डीमेसेजमध्ये कर्नल कधीकधी स्पष्ट सांगतो की हा टचपॅड दुसऱ्या बसवरही चालू शकतो, ‘पीएसमाऊस.सिनॅप्टिक्स_इंटरटच’ १ करून पाहा. उलट काही यंत्रांवर हा दुसरा मार्गच त्रास देतो आणि तिथे तो ० करावा लागतो. दोन्ही करून पाहायला फार वेळ लागत नाही.

लॅपटॉप नवा असेल तर टचपॅड ‘आय२सी-एचआयडी’ जातीचा असण्याची शक्यता मोठी (एचआयडी म्हणजे माऊस-कीबोर्डसारख्या उपकरणांची ठरलेली बोली). तिथे साखळी लांब आहे: इंटेलच्या यंत्रांवर एलपीएसएस, डिझाइनवेअरचा आय२सी ड्रायव्हर, ‘आय२सी_एचआयडी_एसीपीआय’, ‘एचआयडी_मल्टिटच’, आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा पिनकंट्रोलचा ड्रायव्हर. टचपॅडचा इंटरप्ट, म्हणजे ‘माझ्याकडे नोंद आहे’ हा इशारा, चिपच्या जीपीआयओ नावाच्या पिनवरून येतो, आणि त्या पिना सांभाळतो पिनकंट्रोल. तो तुमच्या चिपसेटचाच हवा. एएमडीच्या यंत्रांवर ‘पिनकंट्रोल_एएमडी’. इंटरप्ट येतात की नाही हे ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’मध्ये पाहता येते: बोट फिरवत राहा आणि टचपॅडच्या ओळीतला आकडा वाढतो का बघा. पीएस/२ साठी ती ओळ १२ नंबरची, ‘आय८०४२’ नावाची.

एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिसेंबर २००३ मध्ये कर्नल २.६ आला आणि इनपुटची सगळी व्यवस्था बदलली. ‘/डेव्ह/इनपुट/माइस’ या एकाच फायलीत सगळ्या माऊसची हालचाल एकत्र येऊ लागली, आणि ‘/डेव्ह/पीएसऑक्स’ही त्याच प्रवाहाची नक्कल झाली. २.४ च्या काळातल्या एक्सच्या (पडदा सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) कॉन्फिग फायलीत दोन माऊस लिहिलेले असले की एकाच माऊसची हालचाल दोनदा मोजली जाई आणि बाण दुप्पट वेगाने पळे. तेव्हाही लोक वेगाची सेटिंग कमी करत बसत. आजच्या डेबियनवर हा प्रश्न नाही, पण कुठून उचललेली जुनी एक्सऑर्गची फाइल ‘/ईटीसी’मध्ये पडून असेल तर ती बाजूला काढून ठेवा.

वायरलेस माऊसचे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. पॉवरटॉपची ऑटो-ट्यून यूएसबीच्या प्रत्येक उपकरणाला ‘ऑटो’ करते, म्हणजे काही वेळ काम नसले की झोप. यूएसबीसाठी कर्नलचा ठरलेला अवधी २ सेकंद आहे. कर्नल आपणहून माऊसला असे झोपवत नाही, पॉवरटॉप मात्र झोपवतो. झोपलेला रिसीव्हर पहिल्या हालचालीने जागा होतो आणि तीच हालचाल वाया जाते. काही माऊस तर क्लिक केल्याशिवाय जागेच होत नाहीत. ‘/सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस’ खाली त्या उपकरणाच्या ‘पॉवर/कंट्रोल’ फायलीत ‘ऑन’ लिहा आणि दहा मिनिटे वापरून पाहा. बरे वाटले तर तेवढ्या उपकरणापुरता यूडेव्हचा (उपकरण जोडताच लागू होणारा) नियम करा. ‘यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१’ बूट ओळीत टाकले तर सगळ्याच यूएसबीची झोप बंद होते, आणि पॉवरटॉप नंतर येऊन ती पुन्हा सुरू करणार नाही याचीही खात्री नाही. त्यामुळे आधी पॉवरटॉपची ती सेवा बंद करा. हा दोष जुन्या कर्नलवर दिसला नाही याचे कारण बहुधा एवढेच की ऑटो-ट्यून लावल्यापासून तुम्ही जुना कर्नल जास्त वेळ वापरलाच नाही. तिथेही पाहून घ्या.

बॅटरीचे चिन्ह गेले, हे मात्र कर्नलचेच. लॉजिटेकचा युनिफाइंग रिसीव्हर असेल तर त्याला ‘एचआयडी_लॉजिटेक_डीजे’ आणि ‘एचआयडी_लॉजिटेक_एचआयडीपीपी’ हे ड्रायव्हर लागतात. ते नसले तरी साध्या एचआयडी ड्रायव्हरवर माऊस चालतो. म्हणूनच चूक लक्षात येत नाही. फक्त माऊसच्या नावाऐवजी ‘यूएसबी रिसीव्हर’ असे नाव दिसते, बॅटरी कळत नाही, आणि केडीईसारख्या डेस्कटॉपने त्या माऊससाठी जपलेली वेगाची सेटिंग लागू होत नाही, कारण त्याच्या लेखी हा वेगळाच माऊस आहे. बाण अचानक फार जलद किंवा फार मंद झाल्याच्या तक्रारींचे कारण बरेचदा हेच निघते.

आणखी एक: रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टात, पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कला खेटून लावू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढले होते. छोटी एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर लांब केला की फरक पडतो. सीताबर्डीत ती कुठल्याही दुकानात मिळेल.

राहिले व्हिडिओच्या वेळचे अडखळणे. दोन्ही उपकरणांचा बाण एकदमच अडखळतो म्हणजे दोष बहुधा उपकरणांत नाही. ईव्हटेस्ट लावा, शिक्के सारख्या अंतराने आले तर ग्राफिक्सकडे वळा. ‘जीएलएक्सइन्फो’मध्ये रेंडरर म्हणून ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसले तर तुमचा ग्राफिक्स ड्रायव्हर चढलेला नाही आणि पडदा प्रोसेसरच रंगवतो आहे. व्हिडिओ सुरू झाला की त्याला बाणासाठी सवड उरत नाही. हे होण्याचे नेहमीचे कारण असे: मोड्यूलऐवजी ‘वाय’ करून ड्रायव्हर कर्नलमध्येच बसवला, आणि तो सुरू होतो त्या वेळी त्याची फर्मवेअर फाइल (ग्राफिक्स चिपमध्ये भरायचा कोड) हाताशी नसते. डीमेसेजमध्ये ‘फर्मवेअर लोड फेल्ड’ आणि शेवटी -२ असे दिसेल. ग्राफिक्स ड्रायव्हर मोड्यूलच राहू द्या. एनव्हिडियाचा स्वतंत्र ड्रायव्हर असेल तर तो डीकेएमएसने नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, त्यासाठी कर्नलची हेडर्सही बसवा. सिक्युअर बूट सुरू असेल तर सही नसलेले मोड्यूल चढणार नाही.

ग्राफिक्स ठीक असेल तर ‘केएसॅन’, ‘प्रूव्ह_लॉकिंग’ असे तपासणीचे पर्याय चुकून सुरू झाले नाहीत ना ते पाहा, त्यांनी सगळे यंत्र जड होते. डीमेसेजमध्ये ‘टीएससी अनस्टेबल’, म्हणजे प्रोसेसरचे घड्याळ भरवशाचे नाही, अशी ओळही शोधा. ‘एचझेड १००० करा, प्रीएम्प्ट करा, माऊस सुधारेल’ हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल (एचझेड म्हणजे कर्नलच्या घड्याळाचे सेकंदाला ठोके, प्रीएम्प्ट म्हणजे कर्नलचे काम मध्येच थांबवण्याची मुभा). डेबियनचा स्वतःचा कर्नल २५० वर चालतो आणि त्यावर तुमचा माऊस उत्तम चालत होता. त्या वाटेला जाऊ नका.

आता दुरुस्त कर्नल. ‘/बूट’मधली ६.१ ची कॉन्फिग ६.१२ च्या सोर्समध्ये ‘.कॉन्फिग’ म्हणून आणा आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ द्या. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये ‘सिस्टिम_ट्रस्टेड_कीज’साठी एका प्रमाणपत्राच्या फायलीचा पत्ता असतो, ती फाइल तुमच्याकडे नसते आणि बिल्ड तिथेच थांबते. तो पत्ता रिकामा करा. ही झाली आधाराची कॉन्फिग. तुमची बिघडलेली कॉन्फिग तिच्याशेजारी ठेवून सोर्समधल्या ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग’ने दोन्ही ताडून पाहा. यादी मोठी येईल, घाबरू नका. त्यातून माऊस, एचआयडी, आय२सी, आरएमआय, सेरिओ, पिनकंट्रोल, डीआरएम (ग्राफिक्स) एवढ्याच नावांच्या ओळी गाळून घ्या. तुमचा टचपॅड आणि रिसीव्हर यांचे हरवलेले ड्रायव्हर बहुतेक तिथेच सापडतील.

बांधताना ‘लोकलव्हर्जन’ला प्रत्येक वेळी वेगळी शेपटी द्या. एकाच नावाचे दोन कर्नल बसवले की दोघांची मोड्यूल्स ‘/लिब/मोड्यूल्स’मधल्या एकाच फोल्डरमध्ये जातात, कर्नल एका बिल्डचा आणि मोड्यूल दुसऱ्याचे असे होते, आणि मग जे लक्षण दिसेल त्याला काही अर्थ राहत नाही. ‘मेक बिनडेब-पीकेजी’ने डेब पॅकेज बनवून बसवणे मला सर्वांत सोयीचे वाटते: बूट होताना लागणारे इनिटरॅमएफएस आपोआप बनते आणि नको असलेला कर्नल एपीटीने काढता येतो. जुना ६.१ मात्र काढू नका. पूर्ण कॉन्फिगच्या बिल्डला जुन्या लॅपटॉपवर काही तास लागतात. उन्हाळ्याच्या दिवसांत ते पहाटे लावा, दुपारी तापून प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

आणि समजा माझा कौल चुकला, बॅकपोर्ट्सच्या ६.१२ वरही टचपॅडचा कर्सर तशाच उड्या मारत राहिला, तर कर्नलमध्येच बदल झाला आहे. मग ‘गिट बायसेक्ट’. ६.१ ते ६.१२ मध्ये दीड लाखाच्या आसपास बदल आहेत आणि दर वेळी निम्मे वगळत गेले की सतरा-अठरा बिल्डमध्ये नेमका बदल हाती येतो. आधी मधल्या आवृत्त्या, समजा ६.६, तपासून टापू लहान करा. या कामासाठी लोकलमॉडकॉन्फिग खरेच उपयोगी आहे, फक्त टचपॅडचे सगळे ड्रायव्हर त्यात असल्याची खात्री करून.

पुन्हा लिहाल तेव्हा सोबत हे पाठवा: दोन्ही कर्नलवरची ‘/प्रॉक/बस/इनपुट/डिव्हाइसेस’, दोन्हींचे बूटपासूनचे डीमेसेज, डिफकॉन्फिगमधून गाळलेल्या ओळी, आणि चार्जर काढून केलेल्या ईव्हटेस्टचे अर्ध्या मिनिटाचे उत्तर. ईव्हटेस्ट कीबोर्डवर लावून पाठवू नका, त्यात तुम्ही टाइप केलेला पासवर्डही उमटतो.